माग काढताना

ग्रंथालयाच्या संगणकात ‘शेलार’ एवढाच शब्द टाकला तर आमच्या गावाबद्दल हाती काही लागत नाही. सिंहगडावरचे शेलारमामा येतात, शेलार आडनावाचे लेखक येतात. शब्द अर्ध्यावर तोडून ‘शेल*’ असं टाकलं तर शेला येतो, शेलक्या कथा येतात आणि इंग्रज कवी शेलीही येतो. भिवंडीच्या नदीनाक्यापुढे वाडा रस्त्यावर असलेलं शेलार हे गाव एखाद्या तालुक्याच्या अहवालात किंवा यंत्रमागांवरच्या प्रबंधात कुठेतरी आत असतं. तिथवर तारकेचा हात पोचत नाही, कारण ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक नसतं, पुस्तकाची नोंद असते. लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल आणि विषयाचे दोन-तीन शब्द. जे काही शोधायचं ते या चार ओळींत.

मी लग्न होऊन शेलारला आले तेव्हा घरामागच्या शेडमध्ये माग चालायचे. या गावात झोप मोडते ती आवाजाने नव्हे, वीज जाऊन माग थांबले की. सासऱ्यांना धोटा, फणी, बीम यांतलं सगळं कळायचं. माझ्या नोकरीत नेमकं काय करायचं असतं हे मात्र त्यांना कधी पटलं नाही. ‘पुस्तकं तर कपाटात लावलेली असतात, मग तू दिवसभर शोधतेस काय?’ असं ते विचारायचे. प्रश्न रास्त होता. भिवंडीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी बरीच वर्षं शोधण्यातच गेली, आणि त्यातला मोठा वेळ शब्द कुठे तोडायचा याचा अंदाज बांधण्यात.

शब्द तोडायची ही विद्या आम्हाला शिकवली गेली ती इंग्रजीतून. युनेस्कोची सीडीएस/आयसिस नावाची प्रणाली तेव्हा ग्रंथालयांत वापरली जायची. तिच्यात या कामाला तारका नव्हती, डॉलरचं चिन्ह होतं. शब्दाचं मूळ लिहायचं, पुढे डॉलर ठोकायचा, की त्या मुळापासून सुरू होणारे सगळे शब्द हजर. प्रशिक्षणातलं उदाहरण ठरलेलं असायचं. ‘लायब्ररी’चं स्पेलिंग शेवटच्या ‘आर’पर्यंत लिहा आणि डॉलर द्या, लायब्ररी, लायब्ररीज, लायब्रेरियन, सगळे एका फटक्यात येतात. पुढे न्यूझीलंडमध्ये तयार झालेली कोहा आली, डॉलरच्या जागी तारका आली. चिन्ह बदललं, सवय तीच राहिली. आधी मूळ, मग चिन्ह.

अशा चिन्हाला वाइल्ड कार्ड म्हणतात, आणि रमी खेळणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. जोकर कुठल्याही पानाच्या जागी बसतो. पण जोकर न घेता एक शुद्ध सिक्वेन्स जमवल्याशिवाय डाव लागत नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. शोधातही काही अक्षरं जोकराशिवाय, आपल्या भरवशावर धरावी लागतात. इंग्रजीत सुरुवातीची धरली की बहुतेक वेळा भागतं, कारण तिथे शब्द बदलतो तो शेवटाकडे. मराठीत तेवढ्याने भागत नाही. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही, एका विद्यार्थिनीमुळे कळलं.

ती भिवंडीतल्या पद्मनगरची. घरात तेलुगू, शाळा मराठी, आजोबा विणकामासाठी तेलंगणातून आलेले. एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने भिवंडीतल्या यंत्रमाग कामगारांचा विषय घेतला होता. काउंटरपाशी येऊन म्हणाली, ‘मॅडम, यंत्रमाग टाकलं की थोडीच पुस्तकं येतात. भिवंडीवर एवढंच लिहिलंय का?’

‘अगं, स्टार टाकून बघ,’ मी म्हटलं.

तिने ‘माग*’ टाकलं. पडद्यावर मागणी-पुरवठ्याचं अर्थशास्त्र आलं, मागासवर्गीयांच्या सवलती आल्या, कुणाकुणाच्या वाङ्मयाचे मागोवे आले, आणि मागे वळून पाहणारी आत्मचरित्रं तर रांगेने आली. माग नावाचं यंत्र त्या गर्दीत कुठेतरी चेंगरलेलं होतं. ती हसायला लागली. मग तिनेच विचारलं, ‘स्टार अलीकडे टाकला तर?’ म्हणजे ‘*माग’. हे काही प्रणालींना चालतं, पुष्कळांना चालत नाही, आणि त्याला कारण आहे. संगणक नोंदींमधले शब्द अक्षरानुक्रमाने लावून ठेवतो. सुरुवात माहीत असली की तो थेट त्या जागी जातो. सुरुवातच गाळली तर सगळी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळावी लागते. म्हणून कित्येक ठिकाणी डावीकडची तारका बंदच ठेवलेली असते. आमच्याकडे मला प्रणालीच्या अहवालांच्या भागात जाऊन एसक्यूएल या संगणकभाषेत शोध लिहिता येत होता. तिथे तारकेचं काम टक्क्याचं चिन्ह करतं. तसा शोध लावला आणि हातमाग, यंत्रमाग दोन्ही आले. सोबत ‘मागोमाग’ही आला, पण तो एकटा होता, चालण्यासारखा.

खरी गंमत कापसाने केली. ‘कापूस*’ टाकलं तर कापूस आणि कापूसकोंडी एवढंच. ‘कापसाचा इतिहास’, ‘कापसाची खरेदी’ ही शीर्षकं गायब, कारण विभक्ती लागली की कापूसमधला दीर्घ ऊ जातो आणि ‘कापसा’ उरतो. दोन्हींत सामाईक असतं ते फक्त ‘काप’. ‘काप*’ टाकलं तर कापूस, कापसाचा आणि कापड मिळतं, पण कापणीही येते, कापूर येतो, कापालिक संप्रदायसुद्धा येतो. इंग्रजीतला ‘कॉटन’ पुस्तकात कुठेही बसला तरी कॉटनच राहतो. आपल्याकडे मात्र शब्द वाक्यात शिरताना कपडे बदलूनच शिरतो.

त्यावर उपाय निघाला तो शाळेच्या व्याकरणातूनच. प्रत्येक नामाचे दोन शोध करायचे, एक मूळ रूपाचा आणि एक सामान्यरूपाचा, आणि दोन्ही ‘किंवा’ने जोडायचे. ‘कापूस*’ किंवा ‘कापस*’. तिसरा ‘कापड*’. एवढं केलं की कापूर आणि कापालिक आपोआप बाहेर जातात. त्या मुलीने वहीत दोन रकाने आखले आणि गिरणी-गिरण्या, सूत-सुता, कामगार-कामगारां अशी रूपं मांडत गेली. मी इतकी वर्षं हे काम करत होते, पण विभक्तिप्रत्ययांचा तक्ता संगणकाशेजारी ठेवून बसावं हे काही मला सुचलं नव्हतं. तिला सुचलं, कारण मराठी ती शाळेत शिकली होती. आम्हाला ती आयती मिळालेली.

सूत मात्र दोन रकान्यांतही सुटेना. ‘सुत*’ म्हटलं की सगळे सुतार हजर. म्हणून आम्ही दुसरा जोकर काढला, एकाच अक्षराची जागा धरणारा. बऱ्याच ठिकाणी तो प्रश्नचिन्ह असतो, एसक्यूएलमध्ये खालची रेघ असते. विचार साधा होता. सू असो की सु, स आणि त पक्के, मधली एक जागा मोकळी, ‘स?त*’. सूतही सापडेल आणि सुताचा धागाही. शोध लावला आणि यादी खाली सरकतच राहिली. संत तुकाराम, संत एकनाथ, संत जनाबाई, महाराष्ट्रातलं सगळं संतवाङ्मय. त्याच्या आगेमागे सात, सीता, सेतू. आणि मग स्त्री-मुक्ती, स्त्री-शिक्षण, स्त्रियांची आत्मकथनं.

संत कसे आले, ते तिला लगेच उमजलं. स्त्री कशी आली, ते सांगायला मला कागद घ्यावा लागला. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते संगणकाला एक नसतं. अक्षरं साठवायच्या युनिकोड पद्धतीत व्यंजन वेगळं, त्याला लागणारी मात्रा, काना, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, आणि जोडाक्षर करणारा हलन्तही वेगळा. भिवंडी हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकापाशी तो सहा चिन्हांचा असतो. भ, पहिली वेलांटी, व, अनुस्वार, ड, दुसरी वेलांटी. ‘क्ष’ एकटा तीन चिन्हं खातो. स्त्रीमध्ये स, मग हलन्त, मग त. म्हणजे स आणि त यांच्यामध्ये बरोबर एक चिन्ह, जे दिसत नाही. आमचा प्रश्नचिन्हाचा जोकर त्या हलन्तावर जाऊन बसला होता.

हे कळल्यावर तिने मुद्दाम गावाचं नाव घेतलं. ‘शे?र’ टाकलं, ‘ला’च्या जागी एक जोकर. शेलार आलंच नाही. शेअर बाजारात पैसे कसे कमवावेत ते आलं आणि शेखर नावाचे लेखक आले. ‘ला’ला दोन जागा लागतात, म्हणून ‘शे??र’ करून पाहिलं. तेव्हा शेलार आलं, आणि त्याला लागून शेजार. मग तिने स्वतःच्या समाजाचं नाव घेतलं. पद्मशाली, पद्मशाळी, पद्मसाळी, तिन्ही रूपं पुस्तकांत आढळतात. ‘पद्म’च्या पुढे चार जागा सोडल्या, ‘पद्म????’, की तिन्ही सापडतात. त्याच चार जागांत पद्मश्री आणि पद्मावतीही चपखल बसल्या. ‘मॅडम, माझ्या आजोबांना पद्मश्री मिळाली,’ ती म्हणाली, आणि वाचनकक्षातल्या मुलांनी माना वर केल्या.

दिसायला एक आणि आत दोन, असा आणखी एक प्रकार मराठीत आहे आणि तो फार छळतो. ‘वाऱ्यावरची वरात’ हे पु. ल. देशपांड्यांचं शीर्षक घ्या. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साध्या र-ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. तिसरे काही जण सरळ रफार देऊन मोकळे होतात. दुसऱ्या, बिचाऱ्या, कऱ्हाड, तऱ्हा, सगळ्यांची हीच गत. इथे तारका खऱ्या अर्थाने कामाला येते. ‘वा*यावरची’ म्हटलं की तिन्ही वराती येतात. ‘ॲ’चंही असंच आहे, कुणी ते एका चिन्हात लिहितं, कुणी अ-वर चंद्र ठेवून. जुन्या फॉन्टांत भरलेल्या नोंदींबद्दल तर बोलायलाच नको. युनिकोड येण्याआधी प्रत्येक फॉन्टचा हिशेब वेगळा होता. ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असायची. अशा नोंदींवर कितीही तारका उधळा, उपयोग शून्य. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्याच लागतात.

पण माझ्या मते मराठी शोधातली सर्वांत मोठी भिंत संगणकाची नाही, ती १९६२ची आहे. मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे नियम राज्य शासनाने त्या साली मान्य केले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, नांवचं नाव झालं, कवि आणि गुरु शेवटी दीर्घ झाले. चांगलंच झालं, लिहिणं सोपं झालं. पण कपाटातल्या पुस्तकांची मुखपृष्ठं काही बदलली नाहीत. इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८चा. त्या शीर्षकात ‘चीं’वरही अनुस्वार आणि ‘नें’वरही. आजचा विद्यार्थी ‘साधने’ लिहितो आणि हात हलवत परत जातो. ‘साधन*’ लिहिलं की साधनें, साधने, साधनं, सगळी मिळतात. ‘कवि’साठी मात्र ‘कव*’ लिहू नये. कवच, कवठ, कवायत सगळी फौज येते. तिथे ‘कवि’ किंवा ‘कवी’ असे दोन्ही शब्द जोडून लिहिले की पुरतं, वेलांटी कुठलीही असो.

उत्तर कोकणाचा इतिहास बघायला येणाऱ्यांना एक पुस्तक हमखास लागतं, राजवाड्यांनीच १९२४ साली छापलेली ‘महिकावतीची ऊर्फ माहीमची बखर’. कुणी महिकावती लिहितं, कुणी माहिकावती, कुणी फक्त माहीमची बखर म्हणून विचारतं आणि तेही ‘माहिम’ असं ऱ्हस्व. ‘म*हिकावती*’ने पहिल्या दोघांची सोय होते. तिसऱ्याची नाही होत, कारण त्याने वेगळाच शब्द धरलेला असतो. अशा वेळी मी संगणक सोडते आणि शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडते. १८०० ते १९३७ या काळातली मराठी पुस्तकं दात्यांनी तिच्यात नोंदवली, पुढचा भाग १९५०पर्यंतचा. संगणकाशिवाय, माणसाने केलेलं काम. पुस्तक खरोखर कोणत्या रूपात छापलं गेलं याचा अंदाज तिथे येतो, आणि मग कोणती अक्षरं पक्की धरायची ते ठरवता येतं. तारका चालवायला दाते सूची लागते, असं मी नव्या सहकाऱ्यांना सांगते. त्यांना ती थट्टा वाटते.

आता सातासमुद्रापारचं. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत कार्यालय आहे, १९६२पासूनचं. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखालच्या धान्यविक्रीच्या पैशातून तेव्हा भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली जायची आणि तिकडच्या विद्यापीठांना पाठवली जायची. त्यात मराठीही खूप. त्यामुळे आपल्याकडे वाळवीने खाल्लेलं पुस्तक कधी कधी वर्ल्डकॅट या अनेक ग्रंथालयांच्या सामायिक यादीत शिकागोत सुखरूप दिसतं. दिसतं, पण शोधता आलं तर. तिथल्या नोंदी रोमन लिपीत, एका ठरीव लिप्यंतरपद्धतीने केलेल्या असतात. त्या पद्धतीत ‘च’ला फक्त सी, आणि सी-एच म्हणजे ‘छ’. आपली मुलं व्हॉट्सॲपवर लिहितात तशी ‘चळवळ’ सी-एचने लिहितात आणि शोध रिकामा येतो. शिवाय शब्दाच्या शेवटी आपण न उच्चारलेला ‘अ’ही तिथे लिहिलेला असतो; इतिहासच्या शेवटी एक ए, यंत्रमागच्या शेवटी एक ए. म्हणून रोमन नोंदींत शोधताना मी दोन सवयी लावून घेतल्या. शब्दाच्या शेवटी नेहमी तारका द्यायची, आणि ‘च’साठी एकटा सी लिहून बघायचा.

गावांच्या नावांपुढे मात्र तारकाही हरते. जुन्या इंग्रजी छपाईत भिवंडी एका रूपात नाही. कुठे डब्ल्यू, कुठे व्ही, कुठे मधला ए गळालेला. तिथे अजून निभावतं, बी-एच धरायचं, एन-डी धरायचं, मधलं सोडून द्यायचं. ठाण्याचं ‘थाना’ही पकडता येतं. पण वसईचं ‘बेसीन’ आणि साष्टीचं ‘सालसेट’ कोणत्या तारकेने पकडणार? दोन नावांत सामाईक म्हणावं असं काही उरलेलंच नाही. ते नोंद करणाऱ्यानेच जोडून ठेवायला हवं. जुन्या कार्ड कॅटलॉगमध्ये ‘बेसीन: पाहा वसई’ असं एक छोटं कार्ड असायचं. संगणक आल्यावर ड्रॉवर गेले आणि पुष्कळ ठिकाणी त्या ‘पाहा’च्या कार्डांकडे कुणी फिरून बघितलं नाही. शोध वेगवान झाला, एवढ्या समाधानात ती उणीव झाकली गेली.

भिवंडीत काम करायचं तर उर्दू आणि मुस्लिम नावांवाचून गत्यंतर नाही. अन्सारी आणि अंसारी ही एकाच आडनावाची दोन रूपं. ‘अ*सारी’ दोन्ही आणतं. मोमिन-मोमीनसाठी ‘मोम?न’ पुरतं, ‘मोम*’ लिहिलं तर मोमबत्त्या करण्याच्या गृहोद्योगाचं पुस्तकही येतं. मोहल्ला, मोहोल्ला, मुहल्ला, प्रत्येक लेखकाचा वेगळा. १९७०च्या दंगलीच्या चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती कुणी मादन लिहितं, कुणी मदन. उर्दू लिपीत शोधणाऱ्यांची सुटका होते असंही नाही. तिथे ‘काफ’ आणि ‘ये’ यांची अरबी आणि उर्दू कळफलकांवरची चिन्हं वेगवेगळी असतात, दिसायला जवळजवळ तीच. आमच्याकडे येणाऱ्या उर्दूच्या एका प्राध्यापकांना मी ‘ऱ्या’ची व्यथा सांगितली तेव्हा त्यांनी ‘ये’ची सांगितली. आमचं छान जमलं.

मोठ्या इंग्रजी डेटाबेसांत चिन्हं भरपूर मिळतात, पण एकाच चिन्हाचा अर्थ घरोघरी वेगळा. लेबरचं स्पेलिंग ब्रिटिश लिहितात यू घालून, अमेरिकन यूशिवाय. एब्स्कोमध्ये त्या जागी # दिलं की दोन्ही येतात, कारण तिथे # म्हणजे एखादं अक्षर असेल किंवा नसेलही. वर्ल्डकॅटमध्ये तेच # म्हणजे एक अक्षर असलंच पाहिजे. तिथे अमेरिकन लेबर सुटतो. वेब ऑफ सायन्समध्ये असेल-नसेलचं काम $ करतं, जे आयसिसमध्ये भलतंच काही करायचं. पबमेडमध्ये तारकेआधी निदान चार अक्षरं लागतात. शिवाय तारका दिली की पबमेड एरवी आपल्या शब्दाला समानार्थी वैद्यकीय संज्ञा आपणहून जोडून देतो ते थांबवतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारावर, म्हणजे बिसिनोसिसवर काम करणाऱ्या एका डॉक्टरांना मी म्हणूनच सांगितलं होतं की आजाराचं नाव पूर्ण लिहा, तारका विणकरांच्या शब्दासाठी राखून ठेवा. आणि पॉवर लूम तिन्ही प्रकारे टाका, एकत्र, तोडून आणि मध्ये आडवी रेघ देऊन. तारका शब्दाच्या आत काम करते. दोन शब्दांमधली मोकळी जागा ती सहसा ओलांडत नाही.

हे सगळं ऐकून कॉलेजातली मुलं विचारतात, ‘पण मॅडम, गूगलवर तर असं काही करावं लागत नाही.’ खरं आहे. गूगल चुकलेलं स्पेलिंग सुधारतो, जवळचे शब्द जोडतो. तिथली तारका वेगळी, ती अख्ख्या शब्दाची जागा धरते. आता तर ग्रंथालयाच्या प्रणालींतही अंदाजाने जुळणारा शोध मिळतो आणि प्रश्न साध्या वाक्यात विचारला तरी उत्तर येतं. मी ते वापरते, त्याचा राग नाही. पण प्रबंध लिहिणाऱ्याला मी तारकाच शिकवते. अंदाजाने शोधणारं यंत्र काय जोडलं आणि काय गाळलं ते सांगत नाही. तारका सांगितलं तेवढंच करते. तिने कापालिक आणले तर का आणले हे मला कळतं, आणि पुढच्या वेळी ते कसे टाळायचे हेही. प्रबंधात ‘या विषयावर मराठीत अमुक एवढंच साहित्य आहे’ असं वाक्य लिहायचं असेल तर कोणता शोध कोणत्या रूपांनी केला हे हिशेबासह दाखवता आलं पाहिजे. पद्मनगरच्या त्या मुलीने आपल्या दोन रकान्यांचा तक्ता प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडला. परीक्षकांनी त्यावर काय म्हटलं ते मला माहीत नाही. आमच्या काउंटरवर त्याची एक प्रत काचेखाली ठेवलेली आहे आणि ती सतत बघितली जाते.

एक गोष्ट मात्र वाचकाच्या हातात नाही, ती आम्हा नोंदी करणाऱ्यांच्या हातात आहे. जुन्या पुस्तकाचं शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात शीर्षकपृष्ठावर आहे तसंच लिहावं, सगळ्या अनुस्वारांसकट; त्यात सुधारणा करायचा आपल्याला अधिकार नाही. पण त्याच नोंदीत २४६ हा रकाना वेगळ्या रूपातल्या शीर्षकासाठीच ठेवलेला आहे, आणि गावाच्या नावासाठी ६५१ आहे. माझ्या पाहण्यातल्या मराठी नोंदींत हे दोन्ही बहुतेक रिकामे असतात. तिथे आजच्या लेखनातलं शीर्षक आणि गावाची जुनी-नवी नावं भरायला नोंदीमागे फार वेळ लागत नाही. ग्रंथालयांत काम करणाऱ्या सगळ्यांना माझी एवढी विनंती आहे की निदान आपापल्या जिल्ह्याच्या पुस्तकांपुरतं तरी हे करा. आणि वाचकांनो, शोध रिकामा आला तर पुस्तक नाही असं समजून पायऱ्या उतरू नका. शब्दाचं दुसरं रूप टाकून बघा, आणि तरीही नाही मिळालं तर काउंटरवर येऊन विचारा.